पोरीला ऑपेरा दाखवायचाय? मग आधी आजोबांना कामाला लावा

पत्र, थोडं आटोपतं करून: "राजारामपुरीतनं लिहितेय. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत आहे, धाकटा पाचचा. मुलीनं मोबाईलवर कुठल्यातरी रीलमध्ये एका बाईचं ते एकदम वरच्या पट्टीतलं आ-आ-आ-आ ऐकलं आणि तेव्हापासनं घरभर तेच चाललंय, अंघोळीला, रिक्षात, जेवताना. शोधलं तर तो मोझार्टचा ऑपेरा निघाला. म्हटलं पोरीला आवडतंय तर नीट दाखवूया, म्हणून रविवारी टीव्हीवर लावला, जवळजवळ तीन तासांचा. धाकटा दहा मिनिटांत उठून गेला, मुलगी वीस मिनिटांत झोपली. मिस्टर म्हणतात, ह्या बायका एवढ्या बोंबलतायत कशाला. सासरे म्हणतात, आपली नाट्यगीतं सोडून हे परकं कशाला पोरांच्या डोक्यात भरतेस. मला स्वतःला संगीतातलं काही कळत नाही. कुठला ऑपेरा दाखवू, कसा दाखवू, की नादच सोडू? आणि ओरडून ओरडून तिचा आवाज बसेल का, क्लास लावू का?"

ताई, नाद अजिबात सोडू नका, फक्त तो टीव्ही आधी बंद करा. रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, जर्मन भाषेत, खाली इंग्लिश अक्षरं पळतायत आणि स्क्रीनवर कोण कुणाचं कोण लागतंय पत्ता नाही, असे तीन तास मला लावून दिले तर मीपण झोपेन. तुमची पोरगी वीस मिनिटं टिकली ही कमाल आहे.

तुम्ही तिला गाणं दाखवायला बसलात, आणि ऑपेरा, म्हणजे गाऊन केलेलं नाटक, ही आधी गोष्ट असते. कुणाला तरी काहीतरी पाहिजे असतंय, कुणीतरी ते मिळू देत नाही, कुणी खोटं बोलून अडकलंय, कुणी रागानं पेटलंय. हे माहीत नसेल तर समोर नुसती नटलेली माणसं तोंड उघडून उभी आहेत असं दिसतं, मिस्टरांचं त्यात काही चुकलं नाही. आणि माहीत असेल तर आठ वर्षांचं पोर आपणहून म्हणतं, थांब थांब, आता ती चिडणार. तुम्हाला संगीत कळत नाही म्हणता ना, चालतंय की. रात्री झोपताना पोरांना गोष्ट सांगता का? मग झालं, पात्रता पुरी.

सुरुवात तिच्या त्या आ-आ-आ पासनंच करा. रीलमध्ये जे सगळीकडं फिरत असतं ते बहुतेक वेळा 'मॅजिक फ्लूट' मधल्या रात्रीच्या राणीचं गाणं असतं, तुम्हाला मोझार्ट सापडला म्हणजे तेच असणार. तिला विचारा, ती बाई काय म्हणतेय माहितेय का तुला? नसणार माहीत, रील बघणाऱ्या निम्म्या मोठ्यांनाही नसतं. ती एक आई आहे. समोर तिची मुलगी पामिना उभी आहे, आई तिच्या हातात खंजीर देते आणि सांगते की त्या झारास्ट्रोला जाऊन मार, नाही मारलंस तर तू माझी मुलगी नाहीस, कायमची तुटलीस. आणि हे सांगता सांगता राग इतका चढतो की शब्दच संपतात आणि नुसता आवाज राहतो, तोच तो आ-आ-आ-आ. म्हणजे ज्याला आपण घरात करमणूक म्हणून ऐकतोय ती एका आईनं पोटच्या पोरीला दिलेली धमकी आहे. हे एवढं सांगून मग तीन मिनिटांचं ते गाणं परत लावा आणि पोरीच्या चेहऱ्याकडं बघा. बहुतेक ती गाणाऱ्या राणीकडं बघायचं सोडून बाजूला उभ्या असलेल्या पामिनाकडं बघायला लागेल. मग ती प्रश्न विचारेल, आई असं का म्हणते, मग ती मारते का, झारास्ट्रो वाईट आहे का. ह्या प्रश्नांची उत्तरं म्हणजेच ऑपेरा.

झारास्ट्रो वाईट नाही हो, ही ह्या गोष्टीतली गंमत आहे. पहिला अर्धा भाग आपण राणीच्या बाजूनं असतो, बिचारीची मुलगी झारास्ट्रोनं पळवलीय, राजपुत्र तामिनोला ती रडून सांगते सोडवून आण म्हणून, आपल्याला पण दया येते. आणि तामिनो तिथं पोचल्यावर कळतं की भानगड वेगळीच आहे. लहान पोरांना हे उलटं होणं फार आवडतं, कारण त्यांनापण रोज शाळेत हेच होत असतं, आधी एकीचं ऐकायचं मग दुसरीचं ऐकायचं आणि मग मॅडमकडं जायचं. राणीची दोन गाणी आहेत, पहिलं रडण्याचं, दुसरं रागाचं. दोन्ही एका बैठकीत ऐकवा, मधे विचारा की कुठल्या गाण्यात ती खरं बोलतेय. मोठ्यांमध्येही ह्यावर एकमत होत नाही.

आता सासऱ्यांचं. त्यांचा राग मला समजतो, आणि खरं सांगायचं तर तुमच्या घरातला सगळ्यात कामाचा माणूस तेच आहेत. तुम्ही त्यांना विरोधी पार्टीत बसवलंय, त्यांना तुमच्या बाजूला घ्या. कारण कोल्हापूरच्या पोराला ऑपेरा समजावून सांगायला युरोपातनं सुरुवात करायची गरजच नाही. गाऊन नाटक सांगायचं हे आपल्याकडं मुरलेलं आहे. १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं, १८८२ ला 'सौभद्र', आणि पुढची कित्येक वर्षं माणसं रात्र रात्र जागून हेच बघत होती. त्यांना म्हणा, अप्पा (किंवा तुम्ही जे म्हणत असाल ते), पोरांना सौभद्राची गोष्ट सांगा, पण पदांसकट. सुभद्रेला अर्जुन पाहिजे, बलरामदादानं दुर्योधन ठरवलाय, कृष्ण आतनं सगळी सूत्रं हलवतोय आणि अर्जुन संन्यासी होऊन बसलाय. आणि ऐन अडचणीत सुभद्रा 'वद जाऊ कुणाला शरण' गाते. आजोबांना तिथं थांबायला सांगा आणि नातीला विचारायला सांगा, ही आत्ता गाणं का म्हणतेय? नुसतं बोलली असती तर?

हा एक प्रश्न तिला पटला की ऑपेराचं अर्धं काम झालं. गोष्ट पुढं पळत असते, पळत असते, आणि एका जागी थांबते. घड्याळ बंद. समोरचं माणूस आत काय चाललंय ते गाऊन सांगतं, दोन मिनिटं, चार मिनिटं, आणि गाणं संपलं की घड्याळ परत चालू. इटालियन ऑपेरात तर ह्याची सरळ वाटणी असते, बोलल्यासारखं भराभर गायचं त्याला रेसिटेटिव्ह म्हणतात, त्यात भांडणं, निरोप, चुगल्या सगळं उरकतं, आणि मग येते ती आरिया, जिथं गोष्ट उभी राहते. आपल्या कीर्तनातपण बुवा आख्यान सांगता सांगता मधेच पद घेतात, तेव्हा कोण म्हणतं का की बुवा, गाणं नको, पुढं काय झालं ते सांगा? 'मॅजिक फ्लूट' मध्ये तर रेसिटेटिव्ह जवळजवळ नाहीच, मधे चक्क गद्य संवाद आहेत, म्हणजे रचना बरीचशी आपल्या संगीत नाटकासारखी. त्यामुळं सुरुवातीला तोच बरा, तुमच्या पोरीनं नकळत बरोबर दार उघडलंय.

फरकपण आजोबांनाच सांगू द्या, त्यांना मजा येईल. आपल्याकडं नट एकच ओळ वेगवेगळ्या अंगानं घेणार, ताना मारणार, लोकांनी वन्समोअर दिला की परत घेणार, पद किती लांबेल ते त्या रात्रीवर. तिकडं जवळजवळ सगळा सूर न सूर लिहिलेला, खाली पन्नास-साठ वाजवणारे आणि त्यांच्यापुढं काठी घेऊन एक कंडक्टर, तो सांगेल तसं. आणि तिकडं वाद्यंपण गोष्ट सांगतात, नुसती साथ करत नाहीत. 'मॅजिक फ्लूट' मधला पक्षी पकडणारा पापागेनो येण्याआधी त्याची पावरी ऐकू येते, पाच सुरांची, धाकटासुद्धा दुसऱ्या वेळी ओळखेल. आपलं भारी की त्यांचं भारी असला वाद आजोबांनी घातला तर घालू द्या, घरात नाट्यगीतं आणि मोझार्ट एकाच संध्याकाळी वाजतायत म्हणजे तुमचं काम झालंच की.

तुम्ही आठवणीनं विचारा त्यांना, पॅलेस थिएटरात म्हणजे केशवराव भोसले नाट्यगृहात त्यांनी काय काय बघितलंय. शाहू महाराजांनी खासबागेशेजारी १९१५ ला बांधलेलं ते थिएटर ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, तुमची मुलगी तेव्हा लहान असणार. आजोबांच्या डोक्यात ते अजून उभं असेल. संगीत नाटकातले गायक-नट केशवराव कोल्हापूरचेच, जन्म १८९०, गेले ३१ व्या वर्षी. पोरसवदा असताना ते 'शारदा' मध्ये शारदेचं काम करायचे, 'मूर्तिमंत भीती उभी' हे त्यांचंच गाजलेलं पद, म्हणजे कोल्हापूरचा एक मुलगा मुलगी होऊन गायचा आणि लोक रडायचे. १९२१ ला दोन नाटक मंडळ्यांनी मिळून संयुक्त 'मानापमान' केलं त्यात केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. हे पोरीला आत्ता सांगून ठेवा कारण पुढच्या ऑपेरात हेच उलटं येणार आहे, तिथं मुलाचं काम बाई करते, आणि मग ती 'ही तर बाई आहे!' म्हणून हसत बसणार नाही. हसली तरी काय बिघडलं म्हणा.

आता प्रत्यक्ष दाखवायचं कसं. पूर्ण दाखवायचा नाही, सध्या तरी नाही. आदल्या रात्री गोष्ट सांगायची, शेवटासकट. शेवट सांगितला तर मजा जाते असं वाटतंय ना, पण सौभद्र बघायला जाणाऱ्या एकालातरी माहीत नव्हतं का सुभद्रा कुणाची होणार? तरी पंचवीस-पंचवीस वेळा जायचे. पोरंपण तसलीच, तीच गोष्ट शंभरदा ऐकतात आणि एक शब्द इकडचा तिकडं झाला तर आपल्याला पकडतात. तेव्हा शेवट माहीत असलेला बरा, मग सगळं लक्ष 'कसं' वर जातं. दुसऱ्या दिवशी त्यातला फक्त एक तुकडा, आठ-दहा मिनिटं, आणि संपला की बंद. आणखी लाव म्हणाली तर उद्या म्हणा. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण उत्साहाच्या भरात आपण आई लोकं 'बघ बघ पुढचं पण छान आहे' करतो आणि पोरं पळतात.

चालू असताना शेजारी बसून ओळीओळीचा अर्थ सांगत बसू नका, त्यानं गाणंपण जातं आणि गोष्टपण. सबटायटल तिसरीतल्या पोरीला त्या स्पीडनं वाचता येणार नाहीत, सोडून द्या. गाणं सुरू व्हायच्या आधी एका वाक्यात सांगायचं, 'आता हा म्हणणार की मला बायको पाहिजे', बास.

राणीचं ते गाणं झालं की 'मॅजिक फ्लूट' मधला पुढचा तुकडा म्हणून मी पापागेनो घेईन. अंगभर पिसं लावलेला पक्षी पकडणारा माणूस. तामिनोच्या मागं मोठा साप लागलेला असतो, तो बेशुद्ध पडतो, राणीच्या तीन बायका येऊन सापाला मारतात आणि जातात. हा पापागेनो नंतर टपकतो आणि शुद्धीवर आलेल्या राजपुत्राला सांगतो, मीच मारला, नुसत्या हातानं. थापा! तेवढ्यात त्या तिघी परत येतात आणि शिक्षा म्हणून वाईनऐवजी पाणी, गोड पावाऐवजी दगड, आणि वर तोंडाला कुलूप. पुढच्या गाण्यात बिचारा बंद तोंडानं नुसतं हं-हं-हं-हं करत गातो, बाकीचे शब्दांत गातात आणि हा हं-हं. पाच वर्षांच्या पोराला हे दाखवा आणि मग आठवडाभर घरात कोण थाप मारली की हं-हं-हं होतंय बघा. नंतर त्याला एक म्हातारी भेटते, वय विचारलं तर सांगते अठरा वर्षं आणि दोन मिनिटं, तीच पुढं पापागेना होते आणि मग दोघं भेटल्यावर आनंदानं पा-पा-पा-पा करत नावंच घेता येत नाहीत असलं गाणं आहे, ते तर भाषा न येणाऱ्यासाठीच केल्यासारखं आहे. धाकट्याला जोतिबाच्या यात्रेतली पिपाणी काढून द्या, तो पापागेनो. कान गेले तर मला शिव्या घाला.

आणि हे काही राजवाड्यातलं पवित्र प्रकरण नव्हतं बरं का. ३० सप्टेंबर १७९१ ला व्हिएन्नाच्या उपनगरातल्या एका साध्या थिएटरात हा पहिल्यांदा झाला, ज्यानं शब्द लिहिले तो शिकानेडर स्वतः पापागेनो झाला होता, आणि राणीचं काम मोझार्टच्या मेहुणीनं केलं. दोनच आठवड्यांत मोझार्ट आपल्या मुलाला, कार्लला, घेऊन गेला बघायला, कार्ल तेव्हा सात वर्षांचा, आणि पोरगं खूश झालं असं त्यानं बायकोला पत्रात लिहिलंय. म्हणजे आठ वर्षांना हे चालेल का ह्याचं उत्तर खुद्द बापानं देऊन ठेवलंय. डिसेंबरात मोझार्ट गेलाच.

पण दोन ठिकाणी तुम्ही आधी एकटीनं बघून घ्या. शेवटाकडं पामिना दुःखानं तोच खंजीर स्वतःवर उगारते आणि नंतर पापागेनो पण गळफास घ्यायला निघतो, एक-दोन-तीन मोजतो. दोन्ही वेळा तीन मुलं येऊन थांबवतात, आणि पापागेनोचा सीन बऱ्याचदा विनोदी करतात, पण तरी आठ आणि पाच वर्षांच्या पोरांना ते मी तरी आत्ता दाखवणार नाही, सरळ पुढं ढकला. दुसरं म्हणजे मोनोस्टाटोस नावाचं पात्र, काळा माणूस म्हणून वाईट असं त्या काळच्या डोक्यानं लिहिलंय, हल्ली बरेच दिग्दर्शक ते बदलतात, काही नाही बदलत. पोरीनं विचारलं तर टाळू नका, सांगा की लिहिणाऱ्याचं चुकलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरानं २००६ ला ह्याचा इंग्लिशमध्ये, कापून छोटा केलेला, साधारण पावणेदोन तासांचा प्रयोग मुलांसाठी केला होता, मोठमोठ्या बाहुल्या, अस्वलं, पक्षी, तो कुठं मिळाला तर पहिला तोच. बाकी ऑपेराव्हिजन म्हणून युरोपातल्या थिएटरांचा एक फुकट प्लॅटफॉर्म आहे, यूट्यूबवरपण आहे, तिथं काय चालू आहे ते अधनंमधनं बघत जा.

पहिला पूर्ण ऑपेरा मात्र 'हॅन्सेल आणि ग्रेटेल' ठेवा. हा माझ्या मते घरात लहान पोरं असणाऱ्यांसाठी सगळ्यात बरा, दोन तासांच्या आत-बाहेर, आणि जन्मच घरगुती. संगीतकार हुंपरडिंकच्या बहिणीनं आपल्या पोरांसाठी ह्या गोष्टीवर गाणी लिहिली आणि भावाला म्हणाली चाल लाव, त्यातनं वाढत वाढत ऑपेरा झाला, २३ डिसेंबर १८९३ ला जर्मनीत वायमारला पहिला प्रयोग. भाऊ-बहीण भुकेली, बाप झाडू विकणारा, घरात एक दुधाचं भांडं तेवढं शिल्लक, आणि पोरं काम सोडून नाचत बसलेली बघून आई तडकते, त्या झटापटीत तेच भांडं फुटतं. रागाच्या भरात ती पोरांना रानात पिटाळते, जा स्ट्रॉबेऱ्या घेऊन या म्हणून. पुस्तकातल्या गोष्टीत आईबाप मुद्दाम पोरांना सोडून येतात, इथं तसं नाही, इथं नुसता आईचा राग आहे आणि मग बाप सामानसुमान घेऊन गात गात घरी आल्यावर 'पोरं कुठायत?' ह्या प्रश्नानं सगळं थंड पडतं. ताई, हा सीन आयांसाठीच आहे, पोरं फुटलेल्या भांड्याकडं बघतील, तुम्ही त्या बाईकडं बघाल. गोष्ट सांगताना जंगल दाजीपूरचं करा, संध्याकाळ झालीय, धुकं उतरलंय, लांब गव्यांचा कळप आहे, कोण नाही म्हणतंय. पोरं झोपायच्या आधी जी प्रार्थना म्हणतात ना रानात, हात जोडून दोघंच, तो तुकडा ह्या ऑपेरातला माझा सगळ्यात आवडता, आणि ती चालच नंतर वाद्यांवर परत परत येते, पोरगी ओळखते का बघा. हॅन्सेलचं काम बाई करते, केशवरावांची गोष्ट इथं उपयोगी पडेल. रानात पोरांना पकडणारी चेटकीण मात्र कधी बाई करते, कधी पुरुष. शेवटी ती भट्टीत जाते आणि तिनं केकबिस्किटं करून ठेवलेली सगळी पोरं परत जिवंत होतात. धाकटा घाबरट असेल तर चेटकिणीचा प्रवेश दिवसा दाखवा.

मिस्टरांच्या 'बोंबलतायत कशाला' ला नुसतं 'तुम्हाला कळत नाही' म्हणून गप्प करू नका, प्रश्न चांगला आहे. माईक नसतो म्हणून. एवढी मोठी ऑर्केस्ट्रा खाली वाजतेय आणि एका माणसाचा गळा शेवटच्या रांगेपर्यंत जायचाय. ऑर्केस्ट्राचा जोर खालच्या पट्ट्यात जास्त, ५०० हर्ट्झच्या आसपास, आणि तयार गायक, विशेषतः पुरुष, आपल्या आवाजात ३००० हर्ट्झच्या आसपास एक जादा धार आणतात, जिथं वाद्यांची गर्दी कमी असते, म्हणून तो आवाज वरनं निघून येतो. बायकांचा वरचा सूर तर तसाच कापत जातो. जुन्या संगीत नाटकातली मंडळी हेच करत होती, माईकआधीच्या काळात. एखाद्या संध्याकाळी मोकळ्या मैदानावर जाऊन करून बघा, मिस्टर एका टोकाला, पोरगी दुसऱ्या टोकाला, आधी तिनं नेहमीसारखं बोलून 'बाबा पाणी द्या' म्हणायचं, मग तेच लांबवून गाऊन. गायलेलं लांबवर कळतं. आणि मिस्टरांना ऑपेरा बघताना हसू येत असेल तर हसू द्या, फक्त पोरीची टिंगल व्हायला नको, एवढं बजावा.

घरात एक खेळ करा, जेवताना दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, गायचं. 'आमटी वाढ गं', 'मला भेंडी नको' सगळं गाऊन. आणि प्रत्येकाला एकदाच थांबून मोठं गाणं म्हणायची परवानगी, ज्याला सगळ्यात जास्त तक्रार आहे त्याला. भेंडीवर काय आरिया होतेय बघा.

पुढं तिला आणखी पाहिजे झालं तर रोसिनीची सिंड्रेला आहे, 'ला चेनेरेंतोला', १८१७ ची, त्यात काचेचा बूटच नाही, बांगडी आहे, आणि सावत्र आई नाही तर सावत्र बाप, हे ऐकूनच पोरी भांडायला उठतात. राव्हेलचा एक आहे, पाऊण तासाचा, अभ्यास न करणाऱ्या आगाऊ पोरावर घरातल्या खुर्च्या, घड्याळ, किटली सगळे उलटतात आणि दोन मांजरं नुसतं म्याव करत गातात, शिक्षिका ह्या नात्यानं माझा लाडका. आजोबांसाठी ऑर्फियस ठेवा, गाण्याच्या जोरावर बायकोला यमाच्या दारातनं आणायला जातो, अट एकच, मागं वळून बघायचं नाही. आपली सावित्री तेच काम बोलून करते आणि मागं हटत नाही, हा मात्र वळून बघतो मागं. ग्लुकच्या १७६२ च्या ऑपेरात तरी शेवटी प्रेमदेवतेला दया येऊन बायको परत मिळते. 'कार्मेन', 'तोस्का', 'बटरफ्लाय' ही नावं सारखी समोर येतील, गाणी ऐकवा हवी तर, पण गोष्टी खून, आत्महत्या आणि फसवणुकीच्या, दहावीनंतर बघू.

मुंबईला नेऊन दाखवायचा विचार तुमच्या मनात येणारच. रॉयल ऑपेरा हाऊस आहे गिरगावात, १९११ ला पंचम जॉर्जच्या हस्ते सुरू झालं, १९९३ ला बंद पडलं, २०१६ ला परत उघडलं, आतनं बघण्यासारखं आहे आणि बालगंधर्वांचेही प्रयोग तिथं झालेत. पण नाव ऑपेरा हाऊस असलं तरी ऑपेरा तिथं रोज नसतो, तेव्हा कार्यक्रम बघून, तिकीट हातात घेऊनच महालक्ष्मी एक्सप्रेस पकडा. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहात न्यूयॉर्कच्या त्याच मेट्रोपॉलिटनच्या ऑपेरांचे रेकॉर्डेड खेळ मोठ्या पडद्यावर दाखवत आलेत, तेपण बघा. मात्र घरी दोन तास सलग बसायची सवय लागल्याशिवाय रात्रीचा प्रवास करून नेऊ नका, पैसे आणि झोप दोन्ही जातील.

राहिला आवाज. ती राणी पाश्चात्त्य सरगमीतल्या वरच्या 'फा' पर्यंत जाते, मोठमोठ्या गायिका वर्षानुवर्षं रियाज करून तिथं पोचतात आणि तरी घाबरतात. आठ वर्षांच्या पोरीनं खेळात दोन-चारदा किंकाळी मारली तर काही होत नाही, पण घसा ताणून, मानेच्या शिरा फुगवून रोज तासभर चाललं असेल तर अडवा. अडवायचं म्हणजे गप्प बस नाही, पापागेनोवर वळवा, ते गाणं मधल्या पट्टीतलं आहे. सर्दी-खोकल्यात पूर्ण बंद. आवाज घोगरा होऊन दोन-तीन आठवडे तसाच राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा, हळद-दूध पाजून वाट बघत बसू नका. आणि क्लास, तिनं मागितला तर लावा, नाही मागितला तर नको. लावायचा झालाच तर सध्या आपलं साधं गाणं शिकवणारं कुणीतरी घराजवळचं, सुरात उभं राहायला शिकवेल असं. ऑपेराच्या आवाजाचं शिक्षण एवढ्या लहानपणी लागत नाही, ते गळा मोठा झाल्यावर. पहिल्या दिवशी क्लासला जाताना मात्र त्या बाईंना आधीच सांगून ठेवा की पोरगी रात्रीची राणी म्हणून दाखवणार आहे, नाहीतर दचकतील.